जर्मनीची पार्टी सीई सर्टिफिकेट मागतेय, कुठून करून घेऊ?

वालीव_युनिट
नमस्कार मंडळी, वसईला वालीवमध्ये माझं छोटं युनिट आहे, एलईडी टेबल लॅम्प बनवतो, ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) आतच आहे आणि डायरेक्ट 230 व्होल्टवर चालतो. पहिल्यांदाच बाहेरची ऑर्डर आलीये, हॅम्बुर्गला 400 पीस. पार्टी म्हणते सीई (युरोपात माल विकायला लागणारी खूण) आणि रोहस (शिसं वगैरे घातक पदार्थांवरचा नियम) पाहिजे. माझ्याकडे बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) रजिस्ट्रेशन आहे, आयईसी (आयात-निर्यातीचा) कोड पण काढलाय. एक एजंट भेटला, म्हणतो पंधरा हजार द्या, तीन दिवसांत सर्टिफिकेट देतो, सॅम्पल पण नको. हे चालेल का? आणि सौदीहून पण एक इन्क्वायरी आहे, तिकडे हेच सर्टिफिकेट दाखवता येईल ना? घाबरायला होतंय, ऑर्डर हातची जाऊ नये एवढंच.

टेस्टिंगवाला
दादा, त्या एजंटला एक रुपया देऊ नका. सॅम्पल न बघता मिळतो तो नुसता कागद. तुमच्या लॅम्पसाठी सीई कोणी सरकार देत नाही, तुम्ही स्वतः लिहून देता की माल नियमात बसतो, त्याला डिक्लेरेशन ऑफ कन्फर्मिटी म्हणतात आणि त्यावर सही तुमची असते. त्या सहीच्या मागे फाइल लागते: सर्किट, पार्ट्सची यादी, टेस्ट रिपोर्ट, रिस्कचा विचार, फोटो. ती फाइल 10 वर्षं सांभाळायची. तिकडच्या कस्टम्सने मागितली आणि तुमच्याकडे नसली तर माल पोर्टवर अडकतो, एजंट फोन उचलत नाही.

तुम्हाला युरोपचे मुख्यतः तीन नियम लागतात, सेफ्टीचा 2014/35, ईएमसीचा (दुसऱ्या उपकरणांना विद्युत अडथळा होऊ नये म्हणून) 2014/30 आणि रोहसचा 2011/65. सेफ्टीला टेबल लॅम्पचं स्टँडर्ड ईएन 60598-2-4, ईएमसीला ईएन 55015. अंधेरी एमआयडीसीत ईआरटीएल ही सरकारी लॅब आहे, शिवाय खाजगी लॅब पण आहेत, पण आधी त्यांच्या एनएबीएल स्कोपमध्ये (लॅबला मान्यता असलेल्या टेस्टच्या यादीत) हेच नंबर आहेत का बघून घ्या, मगच सॅम्पल द्या. ईएमसीत छोटे ड्रायव्हर बहुतेक वेळा 150 किलोहर्ट्झच्या पुढच्या भागात आपटतात, म्हणजे फिल्टर कमी पडतो. म्हणून फायनल टेस्टच्या आधी तासभर प्री-स्कॅन (कच्ची चाचणी) करून घ्या, पैसे वाचतात.

आणि रिपोर्ट ज्या सॅम्पलचा, माल त्याच पार्ट्सचा पाहिजे. नंतर मार्केटमध्ये कपॅसिटर स्वस्त मिळाला म्हणून बदलला की रिपोर्ट त्या मालाचा उरत नाही.

भांडुपचा_वर्कशॉप
वरच्या भाऊंनी सांगितलंय ते शंभर टक्के खरं. मी रोहसचं सांगतो कारण तिथेच माझं बोट भाजलंय. आमच्याकडे सगळं सोल्डरिंग 63-37 च्या वायरने चालायचं, म्हणजे 37 टक्के शिसं, आणि रोहसची मर्यादा 0.1 टक्का! मी समजत होतो की अख्ख्या पीसच्या वजनावर मोजतात, त्यात एवढंसं शिसं काय लागणार. पण मोजतात सोल्डरच्या त्या थेंबावरच. अख्खा लॉट परत उघडावा लागला, बायको आणि मी रात्री बसून ड्रायव्हर बदलले. मग लेड-फ्रीवर गेलो, ते 183 ऐवजी साधारण 217 ते 220 डिग्रीला वितळतं, त्यामुळे सोल्डरिंग आयर्न तापवायचं गणित बदलतं, मुलांना सांधा नीट बसेपर्यंत आठवडा लागला. बिट, स्पंज, सोल्डर सगळं वेगळं ठेवा, जुन्या बिटला शिसं चिकटलेलं असतं. वायरचं इन्सुलेशन पण चेक करा, 2019 पासून चार थॅलेट्सवर (प्लास्टिक मऊ करणाऱ्या रसायनांवर) पण बंदी आहे, स्वस्त पीव्हीसीत ती असतात.

टेस्टिंगवाला
सौदीचं राहिलं. सीई तिथे चालत नाही, त्यांचा सेबर पोर्टल वेगळा, तिथला इंपोर्टर रजिस्टर करतो. पण टेस्ट दोनदा करायची नसेल तर लॅबला विचारा की सीबी रिपोर्ट (बऱ्याच देशांत चालणारा टेस्ट रिपोर्ट) निघेल का, भारतात एसटीक्यूसी ही सरकारी टेस्टिंग संस्था त्या स्कीममध्ये आहे आणि सौदी पण. देशांचे फरक रिपोर्टमध्ये आत्ताच घ्यायला सांगा, नंतर घातले की परत पैसे. लक्षात ठेवा, सौदीत 60 हर्ट्झ आहे आणि प्लग तीन चौकोनी पिनांचा.

वालीव_युनिट
खूप आभार दोघांचे. आमच्याकडे पण 63-37 च आहे, आत्ताच रोल काढून बघितला, लेबलवर लिहिलंय. एजंटला नाही सांगतो. पार्टीला कळवतोय की दोन महिने द्या, सॅम्पल नव्या सोल्डरवर बनवून मगच लॅबला पाठवणार. जर्मन भाषेत सूचनापत्रक पण लागेल ना?

टेस्टिंगवाला
हो, सेफ्टीच्या सूचना जर्मनमध्येच, आणि पीसवर तुमचा पत्ता, इंपोर्टरचा पत्ता, निदान 5 मिलिमीटर उंच सीईची खूण, फुली मारलेल्या कचरापेटीचं चित्र. ई-कचऱ्याचं रजिस्ट्रेशन पार्टीने केलंय का तेही आजच विचारून घ्या.