वॉल्टर लेग : अर्धा कर्ता की निव्वळ हुकूमशहा?

जुनी_तबकडी

जुन्या पाश्चात्य रेकॉर्ड ऐकताना गायक कोण, कंडक्टर कोण हे आपण आवर्जून बघतो. निर्माता मात्र कुणाच्या गावीही नसतो. माझं म्हणणं, ईएमआय या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीच्या १९५०च्या दशकातल्या उत्तमोत्तम रेकॉर्डचा अर्धा कर्ता त्यांचा निर्माता वॉल्टर लेग होता.

लंडनच्या एका शिंप्याचा हा मुलगा. संगीताचं रीतसर शिक्षण नाही. १९३१ साली त्यानं ह्यूगो वुल्फ या संगीतकाराच्या गाण्यांसाठी सोसायटी काढली. ५०० वर्गणीदार आधी पैसे भरणार, मग ध्वनिमुद्रण होणार. खपणार नाही म्हणून कंपनी ज्याला हात लावायला धजत नव्हती, ते संगीत असं बाहेर आलं. बेथोवेनच्या पियानोसाठीच्या ३२ सोनाटाही पियानोवादक शनाबेलकडून याच वाटेनं मिळाल्या. १९४५ला त्यानं फिलहार्मोनिया वाद्यवृंद उभा केला, आणि तो काही वर्षांतच युरोपातल्या पहिल्या रांगेत जाऊन बसला.

१९५३ला मिलानमध्ये मुद्रित झालेला पुच्चिनीचा ऑपेरा 'टोस्का' घ्या. गायक कालास, दि स्तेफानो, गोबी आणि कंडक्टर दे साबाता. पहिल्या अंकातलं गाणं गोबीला तीसेक वेळा म्हणायला लावलं, एकेका अक्षराचा रंग जमेपर्यंत, असं सांगतात. आता ती रेकॉर्ड लावा आणि गोबीचा खलनायक स्कार्पिया चर्चमध्ये पाऊल टाकतो तिथे कान द्या. नुसत्या आवाजानं खोली गार पडते. ते तिसाव्या खेपेचं गाणं आहे.

तिरकस

म्हणजे गळा गोबीचा, घाम गोबीचा आणि अर्धं श्रेय स्टुडिओच्या काचेपलीकडे बसलेल्या माणसाचं! वा.

शिवाय शनाबेल लेगच्या खात्यावर का? 'मी मशीनसमोर वाजवणार नाही' म्हणून अडून बसलेल्या शनाबेलला वळवलं फ्रेड गाइसबर्ग या दुसऱ्या निर्मात्यानं. लेगचे चाहते नेहमी हेच करतात, घरातलं सगळं सामान त्याच्याच नावावर लावतात.

जुनी_तबकडी

गाइसबर्गचं मान्य, माझी चूक. सोसायटीची पद्धत एवढंच म्हणायचं होतं. पण काचेपलीकडे बसलेला माणूस 'अजून एकदा' म्हणतो, तेव्हा नेमकं काय कमी पडतंय हे त्याला ऐकू आलेलं असतं. तो कान फुकट मिळत नाही.

खर्जातला

कानाबद्दल वाद नाही. पण १९५२चा 'ट्रिस्टान' हा वाग्नरचा ऑपेरा विसरू नका. फुर्टवेंगलर कंडक्टर, नायिका इझोल्डं म्हणजे गायिका फ्लागस्टाड. बाई पन्नाशी ओलांडलेल्या, वरचा 'सी' हा उंच स्वर आता हुकमी लागत नव्हता. तेव्हा दुसऱ्या अंकातले तसे दोन स्वर म्हटले गायिका एलिझाबेथ श्वार्झकोफनं. ती पुढच्याच वर्षी लेगची बायको झाली. कव्हरवर अर्थातच अवाक्षर नाही.

चार तासांच्या गायनात दोन स्वर उसने, म्हणजे फार काही नाही, असं मलाही वाटायचं. पण बातमी फुटली आणि फ्लागस्टाडच्या जिव्हारी लागली. नंतर ती डेक्का या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीकडे गेली. तिथला निर्माता जॉन कल्शॉ, त्याच्या १९५८च्या 'राइनगोल्ड' या वाग्नरच्या ऑपेरातली फ्रिका ही देवी तीच. मला खटकतं ते वेगळंच. स्वर उसने घेतले याचं काही नाही, ते गुपचूप घेतले. त्या काळी टेप नवी होती, काय जोडलं तर चालतं याचे नियम ठरायचे होते, आणि लेगनं ते एकट्यानं ठरवून टाकले.

तिरकस

एकट्यानं ठरवणं हाच तर त्याचा स्थायीभाव. मार्च १९६४मध्ये या गृहस्थानं जाहीर केलं की फिलहार्मोनिया स्थगित. वादकांना विश्वासात घेतलंच नाही. जणू वाद्यवृंद म्हणजे त्याच्या घरचा पियानो, झाकण लावलं की झालं! वादक बधले नाहीत. त्यांनी स्वतःच कारभार हाती घेतला, 'न्यू फिलहार्मोनिया' नाव लावलं, आणि म्हातारा कंडक्टर क्लेम्पररसुद्धा त्यांच्याच बाजूनं उभा राहिला. मूळ नाव परत मिळायला १९७७ उजाडलं. तुमच्या अर्ध्या कर्त्याशिवाय त्यांचं फारसं अडलं नाही.

जुनी_तबकडी

१९६४चं समर्थन मी करणार नाही, ते वाईटच होतं. पण जो वाद्यवृंद वादकांनी वाचवला, तो वाचवावासा वाटेल असा घडवला कुणी?

मधली_ओळ

कंडक्टर कारायानबद्दल कुणीच बोललं नाही? १९४६ला व्हिएन्नात दोस्त राष्ट्रांनी कारायानला जाहीर कार्यक्रमांची बंदी केली होती, कारण नाझी पक्षाचं सदस्यत्व. लेगनं पळवाट काढली: ध्वनिमुद्रण म्हणजे जाहीर कार्यक्रम नव्हे. झालं, व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर रेकॉर्डिंग सुरू. त्या रेकॉर्ड माझ्याकडे आहेत, सुंदर आहेत, आणि दर वेळी लावताना मी जरा अवघडतो. इथे निर्मात्याचा कान नुसता कान राहत नाही. कुणाची कारकीर्द परत सुरू करायची हेही तो ठरवतो.

(कल्शॉचा विषय निघालाच आहे तर: 'राइनगोल्ड'साठी त्यानं खरोखरच्या १८ ऐरणी जमवल्या. स्टिरिओ म्हणजे घरातलं रंगमंदिर, हे त्याला चटकन कळलं. लेगला स्टिरिओचं कौतुक बेताचंच होतं. तिथे मात्र त्याचा कान मागे पडला.)

खर्जातला

कारायानवर वेगळा धागा काढा, नाहीतर इथे रात्र सरेल. मी लेगवर इतकी टीका केली, तरी एका गोष्टीसाठी त्याला सगळं माफ करावंसं वाटतं. जुलै १९५०. पियानोवादक दिनू लिपाटी दुर्धर आजारानं खंगलेला, प्रवास अशक्य. कॉर्टिसोन या औषधानं थोडे दिवस ताकद आली. लेग यंत्रसामग्री घेऊन जिनिव्हाला गेला, तिथल्या रेडिओच्या स्टुडिओत शोपाँचे वॉल्ट्झ मुद्रित झाले. डिसेंबरमध्ये लिपाटी गेला, वय ३३. सामान बांधून निघण्याचा निर्णय त्या जुलैत झाला नसता तर? ते वॉल्ट्झ आज नसतेच.

तिथे गळा, घाम, श्रेय हा हिशोब मला मांडता येत नाही.

तिरकस

लिपाटी मान्य.

फिलहार्मोनिया नाही.