देखण्या दरोड्यांचे चित्रपट : आपण चोरांच्या बाजूने का होतो?

अभेद्य तिजोरी, सफाईदार बेत आणि तो पार पाडणारी नामवंत कलावंतांची फौज, एवढ्या भांडवलावर उभे राहिलेले चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी शेवट ठाऊक असूनही पुन्हा पुन्हा पाहिले असतील. आपल्याला त्यांत नेमके काय धरून ठेवते, ते एखादा प्रसंग घेऊन सविस्तर लिहावे, ही विनंती. नुसती यादी नको. (ताऱ्याने वेगळे केलेले खालचे प्रत्येक उत्तर वेगळ्या व्यक्तीचे आहे.)

सुरुवात मीच करतो. २००१ चा 'ओशन्स इलेव्हन' म्हणजे अकरा जणांच्या टोळीने लास वेगसमधल्या कॅसिनोंची, म्हणजे जुगारगृहांची, तिजोरी लुटण्याची गोष्ट. तो पहिल्यांदा पाहताना ब्रॅड पिटच्या हातात सतत काही ना काही खायला असते, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. दुसऱ्या खेपेला ते दिसले आणि मग दुसरे काही दिसेना. दोन तासांच्या आत अकरा माणसे प्रेक्षकांच्या ओळखीची करून द्यायची, तर प्रत्येकाची कर्मकहाणी सांगत बसता येत नाही. एकेक लकब पुरते, हे मला त्या खाण्याने शिकवले.

*

मला प्रत्यक्ष चोरीपेक्षा माणसे जमवण्याचा भाग अधिक आवडतो. याच चित्रपटात मॅट डेमन आगगाडीत एका प्रवाशाचे पाकीट शिताफीने लांबवतो आणि थोड्याच वेळात त्याच्या लक्षात येते, की ते पाकीट टोळीचा म्होरक्या झालेल्या जॉर्ज क्लूनीने त्याच्याही खिशातून काढून तिथे आपले कार्ड ठेवले आहे. चोरावर मोर! उमेदवाराची परीक्षा आणि नेमणूक एकाच हालचालीत उरकते. कोणी काय करायचे, हे ठरवण्यातच ज्यांचे निम्मे दिवस बैठकांत जातात, त्या माझ्यासारखीला हा प्रसंग म्हणजे निव्वळ स्वप्नरंजन आहे.

*

एवढ्या वर्षांनी रहस्यभेदाची क्षमा मागण्याचे कारण नसावे. 'ओशन्स इलेव्हन'मधली टोळी तिजोरीची हुबेहूब प्रतिकृती उभारते, तेव्हा ती सरावासाठी आहे, असे आपण गृहीत धरतो. तसे कोणी खोटे सांगत नाही. आपणच तशी समजूत करून घेतो. पुढे कॅसिनोचा मालक पडद्यावर दरोडा पाहत असतो आणि मागाहून त्याच्या ध्यानात येते, की चित्रफितीतल्या जमिनीवर आपल्या कॅसिनोचे चिन्हच नाही. म्हणजे त्याने पाहिले ते प्रतिकृतीत आधीच चित्रित केलेले नाटक होते आणि त्याच्याबरोबर आपणही फसलो होतो. मी तो प्रसंग लगेच मागे नेऊन पाहिला. चिन्ह खरोखरच नव्हते. पुरावा डोळ्यांसमोर ठेवून आपल्याला गंडवले गेले, याचा मला राग यायला हवा होता. प्रत्यक्षात मी एकटाच खोलीत टाळ्या वाजवत होतो.

या प्रकारातला एक अलिखित नियमही तेव्हा उमगला. बेत आपल्याला आधी तपशीलवार सांगितला, तर तो हमखास फसतो. त्याचा एक तुकडा लपवला असेल, तर तो पार पडतो.

*

देखणेपण म्हणजे भारी सूट आणि जॅझ, असे मानणाऱ्यांनी दिग्दर्शक ज्यूल्स दासँचा १९५५ चा फ्रेंच चित्रपट 'रिफिफी' पाहावा. त्यातली चोरी सुमारे अर्धा तास चालते आणि तेवढा वेळ ना संवाद आहे, ना पार्श्वसंगीत. छताला पाडलेल्या भोकातून मिटलेली छत्री खाली सोडून उघडतात, म्हणजे पडणारा चुना तिच्यातच साठतो आणि आवाज होत नाही. मी रात्री हेडफोन लावून पाहत होते. अचानक सगळे शांत झाल्यावर हेडफोन बिघडला असे वाटून मी आवाज पूर्ण वाढवला, आणि पुढचा हातोड्याचा ठोका थेट कानात बसला.

*

थोडा विरोधी सूर लावतो. मूळ 'ओशन्स इलेव्हन' १९६० चा. त्यात शवपेटीत दडवलेली लूट प्रेतासोबत जळून जाते. गुन्ह्याचे फळ गुन्हेगाराला मिळू द्यायचे नाही, हा त्या काळच्या हॉलिवूडच्या आचारसंहितेचा दंडक होता. ती १९६८ मध्ये गेली. नव्या आवृत्तीत टोळी पैसे घेऊन निघून जाते आणि आपल्याला टोचणी लागू नये, म्हणून कॅसिनोचा मालक पुरेसा तुसडा दाखवलेला असतो. दुसऱ्या दिवशी कॅसिनोच्या पहारेकऱ्यांच्या नोकरीचे काय झाले असेल, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. एवढे म्हणूनही चित्रपट चार वेळा पाहिला आहे, हे कबूल करतो.

*

माझा प्रसंग २००१ च्या 'ओशन्स इलेव्हन'च्या शेवटाजवळचा आहे. काम फत्ते झाल्यावर क्लूनी सोडून बाकी सगळे बेलाजिओ या कॅसिनोच्या कारंज्यापुढे ओळीने उभे राहतात, फ्रेंच संगीतकार द्यब्युसीचे संगीत चालू असते आणि कोणी चकार शब्द न बोलता एकेक जण निघून जातो. पहिल्यांदा पाहताना चित्रपट संपला असे समजून मी उठून दिवा लावला होता. मागच्या वर्षी तीन वर्षे चाललेले एक काम संपवून आमची तुकडी पांगली, तेव्हा इमारतीच्या दाराशी आम्ही सात जण असेच काही न बोलता थोडा वेळ उभे होतो. त्या रात्री घरी येऊन मी फक्त तेवढाच प्रसंग लावला आणि दिव्याला हात लावला नाही.