इंजिनाची खडखड घरच्या घरी शोधली आहे का? आपला अनुभव लिहा

गेल्या डिसेंबरपासून माझी बारा वर्षांची 150 सीसीची मोटारसायकल सकाळी सुरू केल्यावर पहिली दोन-तीन मिनिटे डाव्या अंगाने खळखळ करत असे. डब्यात खिळे घालून हलवावेत तसा तो आवाज होता आणि कर्वे रस्त्याला लागेपर्यंत बराचसा विरत असे. गॅरेजपर्यंत गाडी पोहोचायची ती तापलेली, त्यामुळे मेस्त्रींना तो धड ऐकूही आला नाही. ‘इंजिन खोलावे लागेल’ हा निर्णय मात्र तेवढ्यात मिळाला. मी गाडी परत आणली आणि तीन रविवार तिच्यावर घालवले.

इंजिन तापले की ब्लॉक थोडा प्रसरण पावतो आणि टायमिंग चेनचा, म्हणजे क्रँकची गती व्हॉल्व्हपर्यंत पोहोचवणाऱ्या साखळीचा, ढिलेपणा काही अंशी भरून निघतो, हे वाचल्यावर संशय तिकडे गेला. सिलिंडरच्या मागचे दोन बोल्ट काढून ती चेन ताणून धरणारा टेन्शनर बाहेर घेतला. त्याचा दट्ट्या मागच्या स्क्रूने आत ओढून सोडला, की स्प्रिंगच्या जोराने झटकन पूर्ण बाहेर यायला हवा. माझा अर्ध्यावर येऊन अडकत होता. नवा टेन्शनर आणि त्याचे पॅकिंग नाना पेठेत मिळाले आणि बसवायला पाऊण तास लागला. टेन्शनर बाहेर असताना किक मारू नये, कारण सैल चेन एखादा दात सोडून सरकली तर टायमिंग बिघडते आणि मग खरोखरच इंजिन खोलण्याची वेळ येते.

ज्यांनी स्वतः असा शोध घेतला असेल त्यांनी येथे सविस्तर लिहावे. फसलेला प्रयत्नही चालेल. आवाज केव्हा येत होता आणि कशाने थांबत होता, एवढे अवश्य सांगावे.

आलेली उत्तरे

भोसरी

माझ्या गाडीचा आवाज गार-गरम दोन्ही वेळा येई: हेडमधून (सिलिंडरच्या वरच्या भागातून) शिलाई यंत्रासारखी एकसारखी टकटक, वेगाबरोबर जलद होणारी. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक हेडवर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवली, तेव्हा ती टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्यांना दाबणारे रॉकर यांच्यातल्या फटीची, असल्याची खात्री पटली. गाडी रात्रभर गार होऊ दिली, प्लग काढला आणि मॅग्नेटच्या झाकणातून, पिस्टन सर्वांत वर आल्याचे दाखवणारी ‘टी’ची खूण समोर येईपर्यंत इंजिन हाताने फिरवले. खूण जुळली तरी दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलले पाहिजेत. हलले नाहीत तर इंजिन आणखी एक पूर्ण फेरा फिरवावे लागते. माझ्या पुस्तिकेत इनलेटसाठी 0.05 आणि एक्झॉस्टसाठी 0.10 मिलिमीटर फट दिली आहे.

पहिल्या वेळी मी चूक केली. आवाज अजिबात नको म्हणून फट जवळजवळ मिटवूनच टाकली. गाडी अगदी शांत झाली, पण दुसऱ्या दिवशी वीस किका मारूनही धड सुरू होईना, कारण व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नव्हता आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) निसटत होते. तशीच चालवली असती तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळाला असता. दुसऱ्या वेळी फीलर गेजची (फट मोजायच्या साधनाची) पाती किंचित अडत सरकेल इतकीच फट ठेवली, लॉकनट आवळताना ती बदलते म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजली आणि उरलेली बारीक टकटक मुकाट्याने स्वीकारली.

सदाशिव पेठ

सांगायला संकोच वाटतो, परंतु मी दोनदा ऑइल बदलले, टॅपेट करून घेतले आणि अखेर आवाज सायलेन्सरच्या गार्डचा निघाला. एका ठरावीक वेगालाच खणखणाट होई. शेजारच्या काकांनी जाड फडके घेऊन गार्ड दाबून धरला आणि आवाज बंद! एक बोल्ट गळून पडला होता.

हडपसर

न्यूट्रलमध्ये उजव्या बाजूने खडखड येत असे आणि क्लच दाबताच ती नाहीशी होत असे. क्लचच्या हाउसिंगमधल्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या होत्या. निदान घरी झाले. दुरुस्तीसाठी लागणारी हत्यारे माझ्याकडे नसल्याने ते काम बाहेर करून घेतले, मात्र काय करायचे ते मीच सांगितले.

वारजे

सिंहगडाच्या चढावर, मागे कोणी बसले असताना इंजिन खणखणत असेल तर हत्यारे काढण्यापूर्वी एक गियर खाली टाकून पाहावे. माझा आवाज तेवढ्यानेच गेला.

धनकवडी

वरील सर्वांचे आवाज पातळ होते. माझा खोल होता, लाकडी दारावर मूठ आपटावी तसा, आणि ॲक्सिलरेटर पिळला की वाढणारा. कात्रजचा घाट उतरून आल्यावर ऑइलची काडी पाहिली तर ती कोरडी होती. लगेच ऑइल भरले, इंजिनाच्या वरच्या भागातली किरकिर थांबली, म्हणून मी समाधान मानले आणि आणखी आठ दिवस गाडी दामटली. हीच माझी चूक. पिस्टन आणि क्रँक यांना जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग तोवर संपले होते आणि क्रँक बाहेर काढण्यावाचून मार्ग उरला नाही. मेस्त्रींनी तो रॉड माझ्या हातात दिला, तेव्हा तो वर-खाली हलताना बोटांना स्पष्ट जाणवत होता. आता दर रविवारी गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करतो, काडी पुसतो आणि पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे न पिळता नुसती टेकवून पातळी पाहतो.