मदत हवी आहे : अंदमानमध्ये कमी खर्चात स्नॉर्कलिंग

येत्या फेब्रुवारीत आम्ही दोघे अंदमानला जात आहोत. विमानाच्या तिकिटांतच बराचसा पैसा गेल्यामुळे पोर्ट ब्लेअरहून (आताचे श्री विजयपुरम) स्वराज द्वीपला, म्हणजे हॅवलॉकला, खासगी जहाजाऐवजी स्वस्त सरकारी बोटीने जाण्याचा विचार आहे. तिची तिकिटे पर्यटकांना आयत्या वेळी मिळतात का? हॅवलॉकच्या एलिफंट बीचला जंगलातल्या पायवाटेने गेल्यास बोटीचे भाडे वाचते, परंतु तिथे स्वतःचा मास्क आणि स्नॉर्कल (श्वास घेण्याची नळी) घेऊन, मार्गदर्शकाविना पाण्यात उतरू देतात का? पत्नीला पोहता येत नसल्याने लाइफ जॅकेट मात्र हवेच. त्यात काटकसर नको. शहीद द्वीपच्या, म्हणजे नीलच्या, भरतपूर किनाऱ्यावर ओहोटीला प्रवाळ उघडे पडते, त्यामुळे भरतीची वेळ साधून तिथेच मुक्काम करणे अधिक सोयीचे ठरेल का? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.