परदेशी मदतीनं लस पोचते, मग दवाखाना का उभा राहत नाही?

हडपसरकर:
२०२५ मध्ये अमेरिकेनं यूएसएड ही परदेशी मदत देणारी आपली सरकारी संस्था गुंडाळली, तेव्हा आपल्याकडेही ‘बरं झालं, खैरात संपली’ असा सूर निघाला. मला तो पटत नाही. १९९६ च्या साथीत आफ्रिकेतल्या सहाराखालच्या पट्ट्यात मेनिंजायटिसचे, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या आजाराचे, अडीच लाखांवर रुग्ण झाले, २५,००० माणसं गेली. जुनी लस दोन वर्षांखालच्या पोरांना लागू पडत नव्हती, घशातला जंतूही तिनं हटत नव्हता. गेट्स फाउंडेशननं ७ कोटी डॉलर दिले, पण भाव आधी ठरला: डोस ५० सेंटच्या आत. मग आपल्या हडपसरच्या सीरमनं या जंतूच्या ए गटावरची नवी लस केली. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोपासून १ ते २९ वयोगटाला टोचायला सुरुवात झाली आणि ए गटाचा आजार तिथून जवळपास गेला. याला खैरात म्हणायचं?

हिशेबनीस:
तुम्ही सोपं उदाहरण घेतलंत. एक जंतू, एक सुई, एक मोहीम. २०१५ मध्ये नायजरमध्ये त्याच जंतूच्या सी गटाची साथ आलीच ना? त्या रुग्णांना सलाइन कोण लावणार? सरकारी नर्सला परदेशी प्रकल्प जास्त पगारावर उचलतो, मूळ केंद्र ओस. उरलेल्या नर्सला प्रत्येक देणगीदाराचं वेगळं रजिस्टर भरावं लागतं. आफ्रिकी सरकारांनी २००१ मध्ये नायजेरियाच्या राजधानीत, अबुजात, बजेटचे १५ टक्के आरोग्याला द्यायचं कबूल केलं होतं. बहुतेकांनी पाळलं नाही. बाहेरून येतंय तोवर कशाला पाळतील?

शीतसाखळी:
दोघंही वरवरचं बोलताय. पैसा मुरतो फ्रिजपाशी. देणगीत फ्रिज येतो, सुट्या भागांचा आणि मिस्त्रीचा खर्च येत नाही. बॅटरीवाले सोलर फ्रिज तीन-पाच वर्षांत बॅटरी गेली की कपाट म्हणून वापरतात. म्हणून आता बिनबॅटरीचे घेतात, दिवसा उन्हावर बर्फ गोठवून रात्र काढणारे.

आणि सगळे उन्हालाच भितात! लस २ ते ८ अंशांत ठेवायची, पण पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच रोगांवरची एकत्र लस, गोठली तरी वाया जाते. कुपीवरचा ठिपका उष्णता दाखवतो, गोठणं नाही. बर्फाच्या पिशव्या फ्रीझरमधून काढून थेट लशीच्या डब्यात भरल्या की लस गोठते. आत पाणी खळखळेपर्यंत त्या बाहेर ठेवायला हव्यात. संशय आला तर त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवायची, दोन्ही हलवून शेजारी ठेवायच्या. संशयित कुपीतला साका तितक्याच लवकर बसला तर फेकायची. हे शिकवायला लाखो डॉलर लागत नाहीत, पण त्याचं उद्‌घाटन करता येत नाही. हडपसरकर, तुमची ती लस मात्र ४० अंशांत ४ दिवस टिकते. २०१२ मध्ये बेनिनमध्ये ती तशी बर्फाशिवाय नेली. मदत इथं लावा.

हडपसरकर:
ताई, फ्रिजचं मान्य. पण हिशेबनीस, सरकारं खिशात हात घालत नाहीत हे अर्धंच खरं. ‘गावी’ (Gavi) नावाच्या आंतरराष्ट्रीय लस-निधीत सर्वांत गरीब देशही डोसामागे २० सेंट भरतात, उत्पन्न वाढलं की वाटा वाढतो.

हिशेबनीस:
लशीला चाललं. एचआयव्हीच्या गोळ्यांचं काय? त्या रोज लागतात, काही आठवडे चुकल्या तरी विषाणू परत वर येतो. अमेरिकेचा पेपफार हा एचआयव्ही-मदतीचा कार्यक्रम २००३ पासून पैसे देतोय. २०२५ च्या जानेवारीत हात आखडला आणि दवाखान्यांत धावपळ उडाली. २२ वर्षांत तो खर्च देशाच्या बजेटमध्ये का गेला नाही?

हडपसरकर:
मग टप्पे ठरवून, तारीख आधी सांगून थांबवायचं होतं. एका सहीनं थांबवल्यावर गोळी चुकते ती रुग्णाची, मंत्र्याची नाही.