आठवीच्या वर्गात पाचवीचे अपूर्णांक: थांबायचं की पुढे जायचं?

फळापुसणी
जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवते. जूनमध्ये आठवीच्या पुस्तकाचा पहिला धडा काढला, परिमेय व अपरिमेय संख्या. सुरुवात करण्याआधी सहज म्हणून फळ्यावर 1/2 + 1/3 लिहिलं. वर्गात 31 मुलं, त्यातल्या 19 जणांचं उत्तर 2/5. अंशात अंश मिळवला, छेदात छेद, झालं.

पुस्तक मिटलं. सगळ्यांना सारख्या लांबीच्या कागदी पट्ट्या दिल्या. अर्ध्याची घडी सोपी, तिसऱ्या हिश्शाची कुणालाच धड जमेना, तास त्यातच संपला. दुसऱ्या दिवशी एका मुलीने 2/5 ची पट्टी 1/2 च्या पट्टीशेजारी ठेवली, बराच वेळ नुसती बघत बसली आणि म्हणाली, "बाई, अर्ध्यात आणखी घातलं, मग कमी कसं झालं?"

जुलैअखेरपर्यंत अपूर्णांक, ऋण संख्या आणि भागाकार एवढंच घेतलं. परिमेय संख्या ऑगस्टमध्ये. आता केंद्रप्रमुख विचारतात, रोजच्या पाठाचं टाचण आणि वार्षिक नियोजन जुळत का नाही? माझं म्हणणं एवढंच, की न समजलेल्या धड्यासमोर 'पूर्ण' लिहिण्यापेक्षा मागे राहिलेलं परवडलं. तुम्हाला काय वाटतं?

आठवीचीआई
बाई, 19 जणांचं कळलं. उरलेल्या 12 जणांचं काय? त्यांनी सहा आठवडे पट्ट्याच कापायच्या?

माझी मुलगी यंदा एनएमएमएसला, म्हणजे आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसतेय. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये. आमच्या घरात ही रक्कम लहान नाही. शालेय क्षमतेच्या पेपरात 90 प्रश्न, त्यातले 20 गणिताचे, आणि ते सातवी-आठवीच्या पुस्तकातून येतात. पट्ट्यांवर एकही येत नाही. खाजगी क्लासवाल्या मुलांचे धडे दिवाळीआधी संपतात. तुमच्या वर्गातल्या हुशार मुलाला क्लास परवडत नाही म्हणूनच तो तुमच्या भरवशावर आहे ना?

निवृत्तमुख्याध्यापक
तळमळ समजते. पण शिक्षण हक्क कायद्याचं कलम 24 काढून बघा. ठरलेल्या वेळेत संपूर्ण अभ्यासक्रम पुरा करणं हे शिक्षकाचं कर्तव्य म्हणून तिथे लिहिलंय. सहावी ते आठवीला वर्षाचे 220 दिवस, 1000 तास. उद्या नववीचे शिक्षक म्हणतील, आठवीचं काहीच झालेलं नाही, आणि तेही मागे जातील. मग दहावीवाल्याने काय करायचं? कच्च्या मुलांसाठी जादा तास असतात. आम्ही घेतले, फुकट घेतले.

फळापुसणी
सर, त्याच कलमात लगेच पुढे असंही आहे, की प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासा आणि गरज असेल तर त्याला जादा शिकवा. कायदा दोन्ही सांगतो, तास मात्र तेवढेच. जादा तासाचं म्हणाल तर त्या 19 पैकी 11 जण वाडीवरून एसटीने येतात. संध्याकाळची गाडी चुकली की चालत जायचं, मुलींना तर कुणी थांबूच देत नाही.

ताई, 12 जणांचा मुद्दा मात्र बोचला. खोटं कशाला बोलू, त्यातले तिघं-चौघं कंटाळले होते.

मागचाबाक
वीसेक वर्षांपूर्वी मी त्या 19 मधला होतो. सातवीत सरांनी आम्हा सहा जणांना खिडकीजवळ वेगळं बसवलं आणि मोजायला मणी दिले. हेतू चांगलाच होता. पण तेरा वर्षांच्या पोराला मित्रांसमोर मणी मोजायला लावलेत तर ते गणित शिकत नाही, लपायला शिकतं. मी रोज 'वही विसरली' म्हणायचो. त्याला एक छडी. पण येत नाही हे तरी कुणाला कळायचं नाही. छडी परवडायची.

बाईंनी सगळ्या वर्गाला पट्ट्या दिल्या म्हणून त्या मुलीने तो प्रश्न विचारला. खिडकीजवळ बसवली असती तर गप्प राहिली असती. जादा तास म्हणजे तरी काय, खिडकीचीच जागा, फक्त शाळा सुटल्यावर.

संख्यारेषा
मागचाबाक, अगदी. 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेने पातळीनुसार गट करून शिकवायची पद्धत उभी केली ती मुख्यतः तिसरी ते पाचवीसाठी. त्या वयाचं लेकरू कुठल्याही गटात जाऊन बसतं. आठवीत मिशी फुटायला लागलेली असते. आणि बाईंचा वर्ग काही जगावेगळा नाही. 'असर' या मुलांच्या शिकण्याच्या पाहणीचे अहवाल हेच सांगतात, ग्रामीण भारतात आठवीतल्या निम्म्याहून कमी मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येतं.

तरीही पुस्तक मिटायला माझा विरोध आहे. मी माध्यमिकला गणित शिकवतो. पहिल्याच धड्यात संख्यारेषेवर परिमेय संख्या दाखवायच्या आहेत. −2/3 दाखवायचा तर 0 ते −1 या अंतराचे तीन समान भाग करावेच लागतात. म्हणजे तुमची पट्टीच झाली की, फक्त आठवीच्या नावाने! कच्च्या मुलाला वाटतं आपण वर्गाबरोबर आहोत, पक्क्याला ऋण संख्येचं नवं काहीतरी मिळतं. पुढे 'सूट व कमिशन'मध्ये शेकडेवारीचंही तसंच.

निवृत्तमुख्याध्यापक
हे पटण्यासारखं आहे. नियोजनातही बसतं.

फळापुसणी
अपूर्णांकांपुरतं मलाही पटतं, पुढच्या वर्षी तसंच करेन. पण भागाकाराचं काय? बहुपदींचा भागाकार करायचा तर साधा भागाकार आधी हातात बसलेला लागतो, तिथे तो आडून शिकवता येत नाही. 432 ला 4 ने भागून 18 लिहिणाऱ्या मुलाला चल पदं दाखवली की तो पेनच खाली ठेवतो. तेवढ्यासाठी पुस्तक मिटावं लागतं. दोन आठवडे म्हणा हवं तर, सहा नाही.

आठवीचीआई
काल रात्री मुलीला 1/2 + 1/3 विचारलं. तिरका गुणाकार करून झटक्यात 5/6 काढलं. मग विचारलं, हे एकापेक्षा जास्त की कमी? वही शोधायला लागली.

तरी माझं म्हणणं तेच आहे हो. परीक्षा थांबत नाही. तुमच्या शाळेत एनएमएमएसची तयारी कधी घेता ते सांगा.

फळापुसणी
शनिवारी. सकाळची शाळा साडेअकराला सुटते, गाडी एकची आहे. 12 जणांसाठी म्हणून सुरू केलं होतं, मागच्या शनिवारी 17 थांबले.