'प्रॉस्परस': गोष्ट सांगणारी आयरिश गाणी

प्रति: सर्व सभासद

सप्रेम नमस्कार,

पुढील श्रवणबैठकीसाठी आयरिश गायक क्रिस्टी मूर यांची 1972 साली प्रसिद्ध झालेली 'प्रॉस्परस' ही ध्वनिमुद्रिका घ्यावी, असे मी सुचवीत आहे. आयर्लंडच्या किल्डेअर परगण्यातील प्रॉस्परस या गावी, एका घराच्या तळघरात, बिल लीडर यांनी ती मुद्रित केली. साथीला डोनल लुनी, अँडी अर्व्हाइन आणि आयरिश बॅगपाइप वाजवणारे लियम ओ'फ्लिन होते, आणि पुढे मूर यांच्यासह याच चौघांचा 'प्लँक्स्टी' हा वाद्यवृंद झाला. माझा आग्रह मात्र या इतिहासापोटी नाही. गोष्ट गाताना गायकाने किती मागे राहावे, याची विलक्षण जाण या मुद्रिकेत दिसते.

पहिलेच गाणे घ्या. ते मूर यांनी जॉन रायली या गायकाकडून घेतले. रायली 'ट्रॅव्हलर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आयरिश भटक्या समाजातले. ते 1969 साली वारले. जिप्सींच्या मागे निघून गेलेल्या बायकोच्या शोधात जमीनदार घोड्यावरून निघतो, तिला माळावर गाठतो आणि विचारतो की, पिसांची गादी सोडून, नवऱ्याला सोडून तू आलीस तरी कशी. आणि तिला या कशाचीच मातब्बरी वाटत नाही. या सवाल-जवाबात 'तो म्हणाला, ती म्हणाली' असे काही येत नाही, आणि मूर दोघांसाठी आवाजही बदलत नाहीत. तरीही कोण बोलते आहे, याबद्दल ऐकणाऱ्याला क्षणभरही शंका येत नाही. गाणे संपते तेथूनच रुरी डाल ओ काहान यांची हार्पसाठी बांधलेली जुनी धून सुरू होते. शब्दांनी जे निवाडा न करता सोडले, ते त्या सुरांत स्थिरावू द्यावे, ही योजना मला फार मोलाची वाटते.

अशी तीन-चार जुनी कथागीतेच ऐकावीत, असा माझा प्रस्ताव आहे.

आपला स्नेहांकित,
श्रवणबैठकीचा संयोजक

---

उत्तर:

स. न. वि. वि.

आपले पत्र वाचून आनंद झाला. मुद्रिकेबद्दल माझी संपूर्ण सहमती आहे, परंतु निवड केवळ जुन्या गीतांपुरती ठेवू नये, अशी विनंती करते. याच मुद्रिकेत अमेरिकन लोकगायक वुडी गथ्री यांचे लडलोच्या हत्याकांडावरचे गाणे आहे. 20 एप्रिल 1914 रोजी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, लडलो येथे संपकरी कोळसा कामगारांच्या तंबूवस्तीवर राज्याच्या सैनिकांनी हल्ला केला आणि तंबूखालच्या एका खड्ड्यात आसरा घेतलेल्या दोन स्त्रिया व अकरा मुले गुदमरून मेली. गाण्यात ती तेराही मुलेच झाली आहेत, कारण तेथे इतिहासकार बोलत नाही, वस्तीतला माणूस 'आम्ही' म्हणून बोलतो. आपण म्हणता तसे मागे राहणे येथे गायकाला शक्यच नसते. 'आम्ही' हा शब्द तोंडातून जाताच तो त्या वस्तीतला होतो. तरीही मूर आवाज चढवीत नाहीत, आणि म्हणूनच हे गाणे त्या जिप्सींच्या गाण्याशेजारी ऐकले पाहिजे.

दुसरे, 'स्पॅन्सिल हिल' वगळू नये. क्लेअर परगण्यातील मायकेल कॉन्सिडाइन 1870 च्या सुमारास अमेरिकेला गेला आणि ऐन तारुण्यात कॅलिफोर्नियात वारला; हे गाणे त्याचे. स्वप्नात तो स्पॅन्सिल हिल या आपल्या गावी पोहोचतो तो 23 जूनला, गावच्या जत्रेच्या आदल्या दिवशी. एके काळी त्याच्या विजारी दुरुस्त करणारा क्विग्ली शिंपी त्याला भेटतो. मग कोंबडा आरवतो आणि त्याला जाग येते ती कॅलिफोर्नियात. परदेशातल्या आपल्या बैठकांत गावच्या आठवणींची गाणी भरपूर होतात, पण त्यांतले गाव बहुधा कोणाचेही असू शकते. येथे तारीख आहे, शिंप्याचे नाव आहे, आणि विरहाबद्दल बोलणारी ओळ शोधावी लागते.

पोवाड्यात शाहीर मध्येच थांबून श्रोत्यांशी बोलतो, तशी सोय या गाण्यांत नाही. म्हणून प्रत्येक गाण्याचा मराठी सारांश आठवडाभर आधी सर्वांना पाठवावा आणि बैठकीत दोन गाण्यांच्या मध्ये निवेदन ठेवू नये. क्रम जिप्सींचे गाणे, लडलो आणि मग 'स्पॅन्सिल हिल' असा असावा. सारांश लिहिण्याची जबाबदारी मी घेते.

आपली नम्र,
एक सभासद